धागा : घासलेल्या हाली रुपयांचा अल्बम करायचाय, सुरुवात कुठून करू?

माळवद

नमस्कार मंडळी. इथं बरेच दिवस नुसतं वाचायलोय, लिहायची पहिलीच वेळ. आमचं गाव परभणी जिल्ह्यात, गोदावरीपासून जवळच. आजी गेली त्याला आता वर्ष होईल, तिच्या देवघरातला पितळी डबा आईनं माझ्याकडं दिला, त्यात २३ नाणी निघाली. ११ हाली रुपये म्हणजे निजामाचे, ७ कलदार म्हणजे इंग्रजांचे, आणि बाकी चिल्लर, चवल्या पावल्या. सगळी घासलेली, म्हणजे वापरून झिजलेली. काहींवरचा चारमिनार इतका गुळगुळीत झालाय की अंगठा फिरवला तरच कळतं इथं काहीतरी होतं.

शहरात एका दुकानात दाखवायला नेली तर त्या माणसानं काट्यावर टाकली आणि म्हणला, यात कलेक्शनसारखं काही नाही, वजनावर देऊन टाका, आणि कलेक्शनच करायचं असेल तर कोरी चकचकीत नाणी घ्या. मी उचलली आणि परत आलो. खरं सांगतो, मला कोरी नाणी नकोच आहेत. कोरं नाणं म्हणजे टाकसाळीतून निघून तिजोरीत बसलेलं. आमच्या डब्यातलं नाणं मोंढ्यात गेलंय, कुणाच्या धोतराच्या कनवटीला बसलंय, लग्नात आहेर म्हणून फिरलंय, शेतसाऱ्यात गेलंय आणि परत आलंय. मला असाच अल्बम करायचाय, उस्मान अली खानाच्या म्हणजे शेवटच्या निजामाच्या काळातला दर हिजरी सालाचा एक हाली रुपया, पण सगळे वापरातले, सगळे साधारण सारखे झिजलेले, म्हणजे पान उघडलं की एका घरातले वाटले पाहिजेत.

आता अडचण अशी की अकरातल्या चारांचीच सालं मला वाचता आली. उर्दू येत नाही. आणि आई म्हणायली चिंचेनं घासून काढ, लख्ख होतील. घासू का? आणि कोणता अल्बम घ्यावा तेही सांगा.

लातूरचा_मास्तर

थांबा थांबा थांबा. आईला माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं चिंच आमटीत घाला. चिंच नको, लिंबू नको, राख नको, रांगोळी नको, कोलगेट तर बिल्कुल नको. सराफाकडं रिठ्याच्या पाण्यात ब्रश मारून देतात तेही नको. चांदीवर जो काळसर थर येतो तो हवेतल्या गंधकामुळं येतो आणि तो खोलगट भागात जास्त बसतो, त्यामुळंच झिजलेल्या नाण्यावरची अक्षरं वाचता येतात. उंच भाग उजळ, खोल भाग काळा. तो काळा काढला की घासलेलं नाणं म्हणजे नुसती चांदीची चकती, काहीच दिसणार नाही. घासलेलं नाणं धुतलं तर कोऱ्या नाण्यापेक्षा जास्त नुकसान होतं, हे लोकांच्या लक्षातच येत नाही.

तेलकट मळ असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये रात्रभर ठेवा आणि सुती कापडावर टिपून घ्या. टिपायचं, पुसायचं नाही. बस.

नवखा९१

मी तर माझे सगळे भांड्याच्या पावडरनं घासले 😔 आता काय करता येईल

लातूरचा_मास्तर

काही करू नका. पातळ कागदाच्या पाकिटात ठेवून द्या, काही वर्षांत हळूहळू रंग धरतील. मुद्दाम उकडलेल्या अंड्याशेजारी वगैरे ठेवून काळे करायचे उद्योग करू नका, ते ओळखू येतं.

गोदाकाठची

माळवद दादा, तुम्ही लिहिलं ते वाचून फार बरं वाटलं. आमच्याकडं पैठणला आजोबा "सात हाली, सहा कलदार" असं म्हणायचे, लहानपणी मला ते गाणंच वाटायचं. नंतर नाणी गोळा करायला लागले तेव्हा कळलं की तो हिशोब होता. निजामाच्या मुलखात हाली चालायचा आणि इंग्रजी मुलखात कलदार, आपला मराठवाडा निजामाकडं, त्यामुळं तिकडं व्यापाराला जायचं तर बदलून घ्यावे लागायचे. १०० कलदाराला ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, म्हणजे बरोब्बर सातास सहा.

एकदा रात्री मी चांदी काढून बघितली. हाली रुपया ११.१७८ ग्रॅमचा, त्यात चांदी ८१.८ टक्के, म्हणजे ९.१४ ग्रॅम. कलदार ११.६६ ग्रॅमचा, चांदी ९१.७ टक्के, म्हणजे १०.६९ ग्रॅम. आता सात हालीची चांदी होते ६४ ग्रॅम आणि सहा कलदाराची ६४.१५. आजोबांच्या गाण्यात चांदीचा हिशोब इतका नेमका बसला होता हे बघून मला त्या रात्री झोपच आली नाही. तुमच्याकडं अकरा हाली आणि सात कलदार आहेत, तर माझं ऐका, पहिल्या पानावर सात हाली आणि सहा कलदार लावा. आपल्या भागाचा अल्बम आहे हे त्या एका पानातच कळेल.

माळवद

ताई हे भारीच. सातास सहा हे मी आत्याच्या तोंडून ऐकलंय पण अर्थ आज कळला. एक पान तसं नक्की करतो.

दुधना_तीर

साल वाचायचं सांगतो, मलाही उर्दू येत नाही पण आकडे दहा मिनिटांत शिकलो. एक म्हणजे उभी रेघ. दोन आणि तीनला रेघेच्या डोक्यावर दाते असतात, दोनला कमी तीनला जास्त. सात म्हणजे वरून उघडं, चिमटा उलटा धरल्यासारखं, आठ त्याच्या उलट, छपरासारखं. नऊ आपल्या इंग्रजी नऊसारखंच. पाच म्हणजे उलट्या बदामासारखा आणि शून्य म्हणजे नुसता टिंब. हा टिंब फार दगा देतो, झिजला की जातोच, म्हणून तीन आकडे दिसले आणि शेवटी जागा मोकळी दिसली तर १३४० असू शकतं ते लक्षात ठेवा.

चारमिनारच्या बाजूला हिजरी साल असतं. त्याच बाजूला ९२ असाही आकडा असतो, तो साल नाही, मुहम्मद या नावाच्या अक्षरांची बेरीज आहे ती. मी सुरुवातीला ते ९२ घेऊन कॅटलॉगमध्ये आठवडाभर शोधत बसलो होतो. दुसऱ्या बाजूला मधोमध "एक रुपया", भोवती जर्ब फर्खंदा बुनियाद हैदराबाद म्हणजे हैदराबादेत पाडलेलं, आणि जुलूस म्हणजे निजाम गादीवर बसल्यापासूनचं कितवं वर्ष ते. उस्मान अली १९११ च्या ऑगस्टमध्ये गादीवर आला, हिजरी १३२९. हिजरी वर्ष एका दिवशी बदलतं आणि जुलूसचं वर्ष वेगळ्या दिवशी, त्यामुळं एकाच हिजरी सालात दोन जुलूस सालं येऊ शकतात. एका बाजूचं साल पार झिजलं असेल तर दुसऱ्या बाजूच्या जुलूसवरून एका वर्षाच्या फरकात साल निघतं. माझे दोन रुपये मी असेच ओळखले.

इसवी सन काढायचा तर हिजरीला ०.९७ नं गुणा आणि ६२२ मिळवा. १३३७ चं १९१८-१९ येतं.

सराफी_डोळा

धागा बघितला आणि राहवलं नाही. माझी ३५ वर्षं सराफ्यात गेली, आता दुकान पोरगा बघतो, मी नाणी बघतो. झिजेबद्दल थोडं लिहितो, लांबेल.

झीज सगळी सारखी नसते. हातोहात फिरून झिजलेलं नाणं दोन्ही बाजूंनी सारखं झिजतं, कड पण गोल होते, आणि वजन फार कमी होत नाही. का होत नाही, तर त्या काळी रुपया घेताना वजनाला बघितला जायचा. कलदाराचा कायदाच होता, ठरलेल्या वजनापेक्षा २ टक्क्यांहून जास्त घटला तर तो चलनात कायदेशीर राहायचा नाही. ११.६६ चे २ टक्के गेले म्हणजे ११.४३ च्या खाली आला की झाला बाद. म्हणजे चलनातला रुपया डोळ्याला कितीही म्हातारा दिसला तरी काट्यावर तेवढा हलका सहसा नसतो. डोळ्याला जी झीज दिसते ती वरच्या कागदाएवढ्या थराची असते.

म्हणून माळवद, तुम्ही आधी एक काटा घ्या, दोन दशांशापर्यंत दाखवणारा, ऑनलाइन मिळतो. सगळी नाणी तोला आणि इथं टाका. एखादं फारच हलकं निघालं, पाच सात टक्के कमी, आणि एकच बाजू जास्त गेलेली असेल तर ते बाजारात झिजलेलं नाही. ते अंगावर झिजलंय.

आणि काट्यावर बनावटही पकडता येतं. पेल्यात पाणी घालून पेला काट्यावर ठेवा, काटा शून्य करा, नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा पण बुडाला कडेला टेकू देऊ नका. जो आकडा येईल त्यानं नाण्याच्या वजनाला भागा. जुन्या चांदीच्या रुपयाचं उत्तर दहाच्या थोडं वर येतं. साडेआठ नऊ आलं तर जर्मन सिल्वर किंवा पितळेवर मुलामा. जत्रेत राणीछाप म्हणून विकतात त्यातले कितीतरी असे निघतात. चुंबकाला चांदी चिकटत नाही, १९४७ चा वाघवाला रुपया चिकटतो कारण तो निकेलचा आहे.

अजून एक. कलदारातला १९४० पासूनचा जॉर्ज सहावा असेल तर त्यात चांदी निम्मीच, ५० टक्के. झिजल्यावर त्याचा रंग वेगळा दिसतो, जरा पिवळट मळकट. सात-सहाच्या पानावर तो लावू नका, ताईंचा हिशोब मोडेल.

बालाघाटी

सर्वांचा आदर ठेवून वेगळं मत मांडतो. घासलेल्या नाण्यांवर भावना ठीक आहे पण पैसा टाकायचा तर चांगल्या ग्रेडवर म्हणजे कमी झिजलेल्यांवर टाकावा. घासलेलं नाणं वीस वर्षांनी विकायला गेलं तर वजनाचाच भाव येतो. मी स्वतः सुरुवातीला स्वस्त मिळतात म्हणून ढीगभर घासलेले घेतले आणि आता बदलून घ्यायला दुप्पट खर्च आला. नव्या माणसाला हे सांगणं माझं कर्तव्य वाटतं.

सराफी_डोळा

बालाघाटी, विकायला घ्यायची तर तुमचं बरोबर आहे. पण हे विकायला नाही घेत. आणि घासलेल्यांचाही संच सोपा नसतो हो. कोरी दहा नाणी पैसे टाकले की येतात. सारख्या झिजेची, सारख्या रंगाची, न धुतलेली, भोक नसलेली, सगळ्या सालांची दहा नाणी जमवायला मला सहा वर्षं लागली. दुकानात वजनावर आलेल्या पोत्यातून एकेक बघून काढायचो, शंभरात एखादा मनासारखा. जो साल वाचता येईल इतपत राहिलाय आणि तरी भरपूर फिरलाय असा.

बालाघाटी

हे पटलं. सारखी झीज जुळवायचा विचार मी केला नव्हता.

गोदाकाठची

आणि घासलेल्यांतही दुर्मिळ असतंच की. १९११ चा जॉर्ज पंचम घ्या. राजाच्या अंगावरच्या साखळीतला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, बोंब झाली, ९४ लाख पाडले होते त्यातले सात लाखाच्या आसपासच बाहेर आले, बाकी वितळवले आणि १९१२ ला हत्ती सुधारून नवा साचा आला. तो १९११ कितीही घासलेला मिळाला तरी मी घेईन. तुमच्या सातात आहे का बघा दादा.

माळवद

नाही ताई, माझे सात म्हणजे राणीचे दोन (१८६२ आणि १८८४), एडवर्डचा एक १९०७, बाकी जॉर्ज पंचम १९१४ ते १९१९. एडवर्डला आजी बोडका राजा म्हणायची, डोक्यावर मुकुट नाही म्हणून.

काटा घेतला. हालीची वजनं टाकतोय. पाच नाणी ११.०२ ते १०.९४ च्या दरम्यान. पण बाकीची सहा अशी, १०.६३, १०.५८, १०.५२, १०.४९, १०.४४, १०.४१. पाण्यातली पण चाचणी केली, १०.९४ वाल्याला १.०७ आलं, भागलं तर १०.२, म्हणजे चांदी खरी. हलक्या सहांचंही दहाच्या वरच आलं. मग हे सहा इतके हलके कशे? सर म्हणले तसं अंगावर झिजलेत का? तुम्ही म्हणल्यावर नीट बघितलं तर सहाही नाण्यांचा चारमिनार जवळपास गेलाय आणि मागची "एक रुपया" बाजू बरीच चांगली आहे. मला तर आधी वाटलं होतं की साचाच खराब असेल.

सराफी_डोळा

कड बघा. भिंगातून. वरच्या बाजूला कुठं चांदीचा बारीक उंचवटा, करड्या रंगाचा डाग आहे का.

माळवद

आहे. सहाही नाण्यांना. मी ते घाण समजून काढायला बघत होतो, थोडं खरवडलं पण.

सराफी_डोळा

आता खरवडू नका. ती झाळ आहे. कडी झाळलेली होती. हारातले रुपये आहेत ते.

तांड्यावरचा

मी हिंगोली जिल्ह्यातला, बंजारा. आमच्या तांड्यावर दादीच्या अंगावर असा रुपयांचा हार होता, मी लहानपणी तिच्या मांडीवर बसून मोजायचो. सर म्हणतात ते शंभर टक्के खरं. हारातला रुपया रोज कापडावर, छातीवर घासतो, त्यामुळं आतली बाजू जाते आणि बाहेरची राहते. आणि घाम लागतो, त्यानं काळा थरही वेगळा असतो. बाजारात आमच्या लोकांचे असे रुपये येतात तर दुकानदार कडी तोडतात, झाळ कानशीनं घासून टाकतात आणि "क्लीन" म्हणून विकतात. मला ते बघवत नाही. माळवद भाऊ, ती खूण राहू द्या. त्या खुणेवरून कोणत्या बाजूला कडी होती, कोणती बाजू वर दिसायची ते कळतं. तुमच्या घरी पण कुणी तरी घातला असेल हार. विचारा घरात.

नवखा९१

मध्येच विचारतो, माझ्याकडं एक औरंगजेबाचा रुपया आहे म्हणतात, सगळं फारशी, एका बाजूला खुजिस्ता बुनियाद असं एकानं वाचून दिलं. तो पण या अल्बममध्ये चालेल का

दुधना_तीर

खुजिस्ता बुनियाद म्हणजे औरंगाबादचीच टाकसाळ, आताचं संभाजीनगर. पण तो वेगळा विषय आहे, त्याला वेगळं पान करा. हाताने ठोकलेली नाणी जाड असतात, या अल्बमच्या खणात बसत पण नाहीत. आणि शंभर वर्षांपेक्षा जुनं आहे, परदेशात कुणी पाठवायला सांगितलं तर पाठवू नका, गुन्हा आहे.

बालाघाटी

कायद्याचं निघालंच आहे तर, गावाकडं वाडे पडायलेत, बळदात, भिंतीत, उकिरड्याखाली नाणी निघायलीत. डब्यात आजीनं ठेवलेलं घरचंच, त्याचा प्रश्न नाही. पण जमिनीत किंवा भिंतीत लपवलेलं सापडलं आणि किंमत दहा रुपयांच्या वर असेल तर १८७८ च्या कायद्यानं कलेक्टरला कळवावं लागतं. दहा रुपये म्हणजे आज काहीच नाही, म्हणजे सगळंच कळवावं लागतं. आमच्या पलीकडच्या गावात गडीमाणसांनी वाटून घेतले आणि वर्षभर तहसीलच्या चकरा मारल्या.

लातूरचा_मास्तर

अल्बमचं राहिलं. दादा, स्टेशनरीच्या दुकानातला फोटो अल्बम किंवा मऊ प्लॅस्टिकची पानं घेऊ नका. नवीन रेक्झिनचा वास येतो ना तसा वास ज्या प्लॅस्टिकला येतो ते पीव्हीसी. दोन उन्हाळ्यांत ते घाम सोडतं आणि नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. आपल्याकडं मे महिन्यात घरातलं कपाट तापतं किती ते सांगायला नको. माझे एडवर्डचे चार रुपये असेच गेले, मी शुद्ध ॲसिटोननं धुतले, खिडक्या उघड्या ठेवून, थर निघाला पण खालची चांदी खाल्लेली होती. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यात तेल सुगंध काय काय असतं.

पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर मिळतात, मध्ये पातळ कडक मायलर (पारदर्शक प्लॅस्टिक, पीव्हीसी नाही), नाणं ठेवून घडी घालून स्टेपल मारायची. रुपया ३० मिमीच्या जरा वर असतो, त्या मापाचे मागा. स्टेपल मारल्यावर पक्कडीनं सपाट दाबा नाहीतर पान मिटलं की शेजारच्या नाण्यावर ओरखडा. मग हे होल्डर पॉलीप्रॉपिलीनच्या खणांच्या पानात, आणि पानं जाड पुठ्ठ्याच्या बाइंडरमध्ये. होल्डरवर पेन्सिलनं लिहा, हिजरी साल, जुलूस, वजन, कुठून आलं. वजन मुद्दाम लिहा. रबरबँड कपाटात नाण्याजवळ ठेवू नका, रबरातल्या गंधकानं चांदीवर काळा पट्टा पडतो, वर्तमानपत्राच्या कागदात पण गुंडाळू नका. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या.

गोदाकाठची

हळदीकुंकू लागलेलं असेल तर?

लातूरचा_मास्तर

ताई, ते मी काढत नाही.

दुधना_तीर

झिजलेलं साल वाचायची युक्ती राहिली. अंधारात मोबाइलचा टॉर्च बाजूनं, अगदी आडवा धरा, नाणं हळू फिरवा. एका कोनात साल एकदम उठून दिसतं आणि जातं. त्या क्षणी दुसऱ्यानं फोटो काढायचा. पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल फिरवायची पण पद्धत आहे पण मी हारातल्या नाण्यांवर ते करणार नाही.

आणि चारमिनारच्या मधल्या कमानीत बघा. उस्मानच्या आधीचा निजाम महबूब अली, त्याच्या रुपयावर तिथं मीम अक्षर आहे, उस्मानच्या रुपयावर ऐन. सुरुवातीच्या उस्मानी रुपयांवर ऐन अर्धवट आहे आणि नंतर पूर्ण काढलेला. साल नाही वाचता आलं तरी कमानीवरून निजाम कळतो.

माळवद

बऱ्याच दिवसांनी लिहायलोय, माफ करा, पेरणीचे दिवस होते.

पाच जड रुपयांची सालं निघाली, १३३१, १३३५, १३३७, १३३८ आणि १३४३. रविवारी संभाजीनगरच्या जाफर गेटच्या बाजारात दोन चकरा मारल्या, तिथं १३३६ आणि १३४२ मिळाले, दोन्ही डब्यातल्यांसारखेच झिजलेले, मी खिशात डब्यातला एक रुपया घेऊन गेलो होतो जुळवायला. १३४२ वाला जरा जास्त चांगला होता, तिथंच दुसरा जास्त घासलेला होता, मी घासलेला घेतला. विकणाऱ्यानं मला दोनदा विचारलं, हाच पाहिजे का. सात हाली झाले, सहा कलदार काढले, पहिलं पान ताईंच्या हिशोबाचं झालं.

आता हाराचं. तांड्यावरचा भाऊ म्हणला तसं घरात विचारलं. आईला माहिती नव्हतं. आत्या सेलूला असते, ८१ वर्षांची, तिला फोनवर फोटो पाठवले, ती काही बोललीच नाही, म्हणली घरी ये. गेलो. तिनं सहा रुपये ओंजळीत घेतले, एकेक उलटा करून बघितला आणि म्हणली हा तर बाईचा हार. बाई म्हणजे आजीला ते सगळे बाईच म्हणायचे. आजीला लग्नात तिच्या माहेरून २१ हाली रुपयांचा हार आला होता. १९७२ च्या दुष्काळात दोन वर्षं शेतात काही पिकलं नाही, घरात अकरा माणसं, आजोबा खडी फोडायला जायचे रोजगार हमीवर, तेव्हा आजीनं हारातला एकेक रुपया तोडून विकायला दिला. एका रुपयात ज्वारी किती आली ते आत्याला आठवत नाही, पण रुपया द्यायचा दिवस आठवतो, त्या दिवशी आजी देवघरात बसून कडी वाकवायची आणि तोडायची, दोरा तसाच पुन्हा बांधायची आणि हार छोटा छोटा होत गेला. पंधरा गेले. सहा राहिले तेव्हा पाऊस आला.

मी जे खरवडलं होतं त्या नाण्यावर आत्याचं बोट गेलं. मी सांगितलं माझ्याकडनं झालं. ती काही म्हणली नाही.

तर आता दुसरं पान हाराचं केलंय. २१ खण पाहिजेत म्हणून दोन पानं समोरासमोर लावलीत. सहा भरलेत, पंधरा मोकळे ठेवलेत. त्यात दुसरे रुपये आणून भरायचे नाहीत असं ठरवलंय. बालाघाटी दादा, हे पान विकायचं नाही म्हणून भाव बघत नाही.

एक शंका राहिली. तांड्यावरच्या भावाला विचारतो, चारमिनारची बाजू जास्त झिजलीय, म्हणजे आजीनं चारमिनार आत ठेवला होता का? आणि झाळ "एक रुपया" वाल्या बाजूच्या अक्षरांच्या बरोबर डोक्यावर आहे.

तांड्यावरचा

हो भाऊ. झाळ अक्षराच्या डोक्यावर म्हणजे सोनारानं ती बाजू सरळ धरून कडी लावली. लोकांना दिसायचं ते अक्षर, चारमिनार अंगाला. आमच्या दादीचा पण असाच होता. पानात अक्षराची बाजू वर ठेवा, आणि कडी लावायची ती बाजू वरती.

माळवद

तसंच लावलं. आत्या पुढच्या आठवड्यात यायलीय बघायला.